माशांवरील पांढरे ठिपके आणि टाकीतले बिघडलेले पाणी: घरच्या घरी करावयाचे उपचार

घरच्या काचेच्या टाकीतला मासा आजारी दिसू लागला की बहुतेक घरांत दोनच गोष्टी घडतात. एक तर दुकानातून निळ्या औषधाची बाटली आणून तिचे थेंब पाण्यात सोडले जातात, नाही तर टाकी पूर्ण रिकामी करून, खडे आणि फिल्टर नळाखाली लख्ख धुऊन ताजे पाणी भरले जाते. दोन्ही उपाय मायेपोटीच केले जातात. पण रोगाने जेवढे मासे जातात त्याहून अधिक या घाईने जातात, असे मी अनुभवाने ठामपणे म्हणू शकतो. परजीवीचा रोग आणि पाण्याचा बिघाड या दोन वेगळ्या तक्रारी असल्या तरी त्यांची लक्षणे एकमेकींत मिसळलेली असतात, आणि पाणी बिघडलेले असताना दिलेले औषध माशाला पेलवत नाही. म्हणून आधी पाण्याची तपासणी, मग रोगाची ओळख आणि त्यानंतर उपचार हा क्रम सोडू नये.

उदाहरणासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी घरोघरी दिसणारी टाकी धरली आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ५६ लिटर पाणी मावते, पण तळाचे खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपासच पाणी असते. मीठ आणि औषध यांचा हिशेब नेहमी या प्रत्यक्ष पाण्यावर करावा. टाकी पहिल्यांदा भरताना बादल्या मोजून आकडा काचेच्या मागच्या बाजूला लिहून ठेवला असेल, तर ऐन वेळी अंदाजाने काम करावे लागत नाही.

पाण्याची तपासणी

टाकीतले सगळे मासे एकाच वेळी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर दोष बहुधा पाण्यात असतो. एखाद-दुसरा मासा आधी आजारी पडून दोन-चार दिवसांत बाकीचे त्याच वाटेने जाऊ लागले, तर परजीवीचा किंवा अन्य संसर्गाचा संशय धरावा. मासा खड्यांवर अंग घासतो, पर मिटून कोपऱ्यात उभा राहतो, खाणे टाकतो ही लक्षणे मात्र दोन्हींत सारखीच दिसतात, त्यामुळे केवळ ती पाहून औषध ओतू नये. मत्स्यालयाच्या दुकानांत थेंब टाकून रंग जुळवण्याचे तपासणी संच मिळतात. त्यांतले अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) हे चार संच घरात असावेत. चारही परवडत नसतील तर निदान अमोनियाचा आणि पीएचचा घ्यावा.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वसलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पहिली दोन द्रव्ये माशाला घातक असतात, तिसरे बऱ्याच प्रमाणात सोसते. नव्या टाकीत या जीवाणूंची वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज नळाखाली धुतला तर नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे ती वस्ती एका फटक्यात उजाड होते आणि जुनी टाकीही नव्या टाकीसारखी कच्ची बनते. स्पंज धुवावा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोन-तीनदा हलक्या हाताने पिळून, इतकाच. तो पुरता स्वच्छ दिसता कामा नये.

चांगल्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य असावेत आणि नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत असावे. अमोनियाचा आकडा वाचताना पीएचही पाहावा लागतो, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पाण्यातल्या अमोनियाचा मोठा भाग निरुपद्रवी रूपात असतो आणि थोडा भाग विषारी रूपात असतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर विषारी भाग सुमारे अर्धा टक्का, पीएच ८ असेल तर पाच टक्क्यांच्या वर. याचा अर्थ असा, की कित्येक महिने पाणी न बदललेल्या, पीएच घसरलेल्या टाकीत अमोनिया साचूनही मासे तगून असतात. त्या टाकीत एकदम अर्ध्याहून अधिक ताजे, जास्त पीएचचे बोअरचे पाणी भरले, तर तोच अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो आणि ‘पाणी बदलले नि मासे मेले’ असे कोडे पडते. अशा दुर्लक्षित टाकीत पहिले काही दिवस दहा-पंधरा टक्केच पाणी रोज बदलत जावे. एरवीच्या टाकीत अमोनिया दिसला, तर पाव ते तिसरा हिस्सा पाणी रोज बदलावे, खाद्य एक-दोन दिवस पूर्ण बंद ठेवावे आणि तळाचा गाळ सायफनच्या नळीने ओढून काढावा. दोन दिवसांच्या उपवासाने धडधाकट मोठ्या माशाला काहीही होत नाही.

नायट्राइट रक्तात शिरून त्याची प्राणवायू वाहण्याची क्षमता हिरावून घेते. अशा माशाचे कल्ले लालऐवजी तपकिरी झालेले दिसतात. येथे साधे मीठ खरोखर उपयोगी पडते, कारण मिठातील क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरण्यास अटकाव करते. लिटरला एक ग्रॅम मीठ या कामाला पुरेसे असते.

पाणी कुठले भरायचे, हा प्रश्न पावसाळ्यात विशेष महत्त्वाचा ठरतो. नळाचे पाणी गढूळ आले की घरोघरी त्यात तुरटी फिरवली जाते. पिण्यापुरते ते ठीक असले तरी ते पाणी टाकीत घालू नये, कारण तुरटीमुळे पाण्याचा पीएच उतरतो आणि पाण्यात विरघळलेले ॲल्युमिनियम कल्ल्यांना त्रास देते. गढूळ पाणी बादलीत रात्रभर ठेवून वरचे निवळलेले पाणी घ्यावे. क्लोरीन घालवण्यासाठी बादली २४ तास उघडी ठेवून तिच्यात हवेचा दगड, म्हणजे हवेच्या पंपाच्या नळीला जोडलेला, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड सोडावा, किंवा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे पूर्वी फोटो धुण्यासाठी वापरला जाणारा हायपो, वापरावा. लिटरला एक मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यास लिटरमागे सात मिलिग्रॅम हायपो लागतो. म्हणजे १५ लिटरच्या बादलीला हरभऱ्याच्या डाळीएवढा एक खडा विरघळवला तरी चालतो.

ठिपक्यांची ओळख

पाणी तपासून झाले आणि अंगावर पांढरे ठिपके दिसत असतील, तर सर्वाधिक शक्यता असते ती ‘इक’ या नावाने दुकानदार ज्याला ओळखतात त्या रोगाची. तो घडवणाऱ्या एकपेशीय परजीवीचे शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस असे आहे. फूके या फ्रेंच अभ्यासकाने १८७६ मध्ये ते दिले आणि त्याचा अर्थ साधारण ‘माशावरची लेकुरवाळी ऊ’ असा होतो. नाव किती नेमके आहे, ते पुढे त्याच्या जीवनक्रमात दिसेल.

ठिपके साधारण बारीक रव्याच्या कणाएवढे, एकेकटे आणि किंचित उंचावलेले असतात. काळ्या मॉलीवर ते लांबूनही दिसतात, पांढऱ्या किंवा चंदेरी माशावर मात्र परांवरच लक्षात येतात. खोलीतले दिवे मालवून बाजूने टॉर्चचा तिरपा झोत टाकला तर ते चटकन उठून दिसतात. रव्याऐवजी बारीक पिवळसर पूड भुरभुरल्यासारखी झाक दिसली, तर तो ‘वेल्वेट’ हा वेगळा रोग समजावा. कापसासारखे पुंजके दिसले, तर ती बुरशी किंवा जीवाणूंची बाधा असते.

एका बाबतीत हमखास फसगत होते. विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर ओळीने पांढरे बारीक उंचवटे येतात. हा रोग नसून प्रौढपणाची खूण आहे. ठिपके केवळ याच दोन जागी असतील, मासा नीट खात असेल आणि मादीच्या मागे लागत असेल, तर कोणतेही औषध देऊ नये.

रोगाचा क्रम आणि औषधाची वेळ

हा परजीवी माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरून तेथे पोसला जातो. पांढरा ठिपका म्हणजे तोच. वाढ पुरी झाली की तो माशाला सोडून तळाला जातो, स्वतःभोवती चिकट कवच तयार करतो आणि त्या कवचात दुभंगत दुभंगत शेकडो, प्रसंगी हजारावर पिल्ले होतात. ही पिल्ले कवच फोडून पोहत बाहेर पडतात आणि त्यांना साधारण एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरून जातात. २५ अंशाच्या आसपास हे सगळे चक्र चार ते सात दिवसांत पुरे होते, थंड पाण्यात ते कित्येक आठवडे रेंगाळते.

औषध किंवा मीठ यांचा मारा लागू पडतो तो केवळ पोहत्या पिल्लांवर. कातडीखालच्या ठिपक्याला आणि तळाच्या कवचाला ते सहसा भेदत नाहीत. त्यामुळे उपचार सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठिपके वाढलेले दिसले तरी घाबरून मात्रा दुप्पट करू नये. आधीच आत शिरलेले परजीवी मोठे होऊन आता नजरेस पडत असतात, इतकेच. तसेच चौथ्या-पाचव्या दिवशी मासा स्वच्छ दिसला म्हणून उपचार थांबवू नये, कारण त्या वेळी पुढची पिढी तळाला कवचात असते. शेवटचा ठिपका गेल्यानंतरही पूर्ण एक आठवडा उपचार चालू ठेवावा.

माझ्या स्वतःच्या टाकीत हे एका जानेवारीत घडले. रविवारी आणलेल्या दोन काळ्या मॉली मी थेट टाकीत सोडल्या, त्या रात्री खोलीतला गारठा वाढला आणि बुधवारी सकाळी एका मॉलीच्या शेपटीवर सहा ठिपके मोजले. निळे औषध घातले, शनिवारी ठिपके गेले, मी आनंदाने टाकी रिकामी करून सगळे घासून धुतले. पुढच्या मंगळवारी मासे पृष्ठभागाशी तडफडत होते आणि अंगावर एकही ठिपका नव्हता. अमोनियाचा संच त्या दिवशी पहिल्यांदा आणला; नळीतले पाणी गडद हिरवे झाले, म्हणजे अमोनिया भरपूर साचला होता. पाचांपैकी तीन मासे गेले. ते परजीवीने मारले नव्हते.

उष्णता आणि मीठ

गोड्या पाण्यातील बहुतेक माशांसाठी पहिला उपचार म्हणून मी उष्णता आणि मीठ यांनाच पसंती देतो, कारण त्यांनी फिल्टरमधले जीवाणू मरत नाहीत आणि पाण्याला रंगही चढत नाही.

हीटर लावून तापमान हळूहळू, तासाला एका अंशापेक्षा अधिक नाही, अशा बेताने ३० अंशांपर्यंत न्यावे. या तापमानाला परजीवीचे चक्र वेगाने फिरते आणि त्याच्या बहुतेक वाणांची पुढची वीण थांबते. ४५ लिटरच्या टाकीला मुंबई-कोकणात ५० वॉटचा हीटर पुरतो. पुणे, नाशिकसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत १०० वॉटचा लागतो. हीटरवरच्या आकड्यावर विसंबून न राहता वेगळा तापमापक लावावा. पाणी बदलण्यापूर्वी हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, अन्यथा गरम काच पाण्याबाहेर उघडी पडून तडकते. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढावा, हे मुलांनाही सांगून ठेवावे.

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशाला संपृक्त पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. हा फरक निरोगी माशाला जाणवत नाही, पण परजीवींनी कल्ले पोखरलेल्या माशाला तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून तापमान वाढवण्याच्या आधी हवेचा पंप चालू करावा आणि तो उपचार संपेपर्यंत रात्रंदिवस चालू ठेवावा. वीज वारंवार जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा छोटा पंप हाताशी असावा.

मीठ म्हणजे किराणा दुकानात मिळणारे साधे जाडे खडे मीठ. मात्रा लिटरला दोन ग्रॅम, म्हणजे आपल्या ४५ लिटरच्या टाकीसाठी ९० ग्रॅम. ते एकदम न घालता ३० ग्रॅमचे तीन भाग करून बारा-बारा तासांच्या अंतराने घालावे. प्रत्येक भाग टाकीतल्याच मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून फिल्टरच्या प्रवाहाशी हळूहळू ओतावा, कोरडे खडे माशांवर पडू देऊ नयेत. पुढे १५ लिटर पाणी बदलले तर नव्या पाण्यात ३० ग्रॅम मीठ घालावे. नुसत्या बाष्पीभवनाने पातळी उतरली असेल, तर मात्र साधे पाणी घालावे. कारण पाणी उडून जाते, मीठ टाकीतच राहते. ही एक गोष्ट विसरल्याने पंधरा दिवसांत खारटपणा नकळत वाढतो.

गप्पी, मॉली, प्लॅटी यांना ही मात्रा सहज सोसते. गोल्डफिश मिठाला चिवट असतो, पण फार उष्णता त्याला मानवत नाही, म्हणून त्याच्यासाठी तापमान २७-२८ अंशांवर थांबवून मीठ लिटरला तीन ग्रॅमपर्यंत न्यावे. कोरिडोरास, लोच आणि इतर बिनखवल्याच्या माशांसाठी, तसेच लहान टेट्रांसाठी मीठ लिटरला एका ग्रॅमवर ठेवून भर उष्णतेवर द्यावा. कॅबोम्बासारख्या नाजूक वनस्पती मिठाने कोमेजतात. अशी टाकी असेल तर मासे वेगळ्या प्लास्टिकच्या टबात हलवून उपचार करावेत. मासे नसलेल्या मूळ टाकीत तापमान २७ अंशांच्या वर ठेवले तर दहा दिवसांत परजीवी आपोआप नाहीसा होतो.

दर दुसऱ्या दिवशी तळ सायफनने ओढून घ्यावा. हे काम कंटाळवाणे असले तरी औषधाइतकेच मोलाचे आहे, कारण कवचातले परजीवी गाळाबरोबर शेकड्यांनी बाहेर जातात.

औषध लागलेच तर

चार-पाच दिवसांत माशांची स्थिती खालावत गेली किंवा मासे उष्णता व मीठ दोन्ही न सोसणारे असतील, तर मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मेलिन यांचे मिश्रण असलेले औषध वापरावे. ज्या बाटलीवर घटक आणि लिटरमागची मात्रा छापलेली नाही, ती घेऊच नये. फिल्टरमधला कोळसा आधी काढावा, कारण तो औषध शोषून घेतो. बिनखवल्याच्या माशांना निम्मी मात्रा द्यावी. फॉर्मेलिनमुळे पाण्यातला प्राणवायू घटतो, म्हणून हे औषध भर उष्णतेत देऊ नये. तापमान आधी २६ अंशांपर्यंत उतरवावे. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ते औषध टाकून द्यावे, कारण तो साका माशांना अतिशय विषारी असतो. मॅलाकाइट ग्रीन माणसालाही अपायकारक आहे आणि खाण्याच्या माशांसाठी त्याच्या वापरावर अनेक देशांत बंदी आहे. हातमोजे घालावेत, भांडी वेगळी ठेवावीत आणि गरोदर स्त्रियांनी ते हाताळू नये.

निळे औषध म्हणजे मिथिलीन ब्लू अंड्यांवरील बुरशीसाठी आणि बादलीतल्या थोड्या वेळच्या स्नानासाठी चांगले आहे. मुख्य टाकीत मात्र ते फिल्टरच्या जीवाणूंना मारक ठरते. देशी बदामाची वाळकी पाने पाण्याला सौम्यपणा देतात, पण इकचा परजीवी त्यांनी मरत नाही.

अन्य परजीवींबद्दल थोडक्यात सांगायचे, तर वेल्वेटचा परजीवी काही प्रमाणात प्रकाशावर जगतो, म्हणून टाकी झाकून अंधार करावा आणि वेगळ्या टबात तांबेयुक्त औषध द्यावे. तांब्याने गोगलगायी आणि कोळंबी मरतात. ठिपके नसताना एकाच बाजूचा कल्ला जोरात हलत असेल, तर कल्ल्यांतील चपट्या कृमींचा संशय घेऊन प्राझिक्वांटेल असलेले मत्स्यौषध द्यावे. या कृमींतील अंडी घालणारे प्रकार एका मात्रेत संपत नाहीत, त्यामुळे आठवड्याने ती पुन्हा द्यावी लागते. गोल्डफिशच्या अंगातून हिरवट-पांढरा दोरा लोंबताना दिसला तर तो नांगरकृमी असतो. ओल्या फडक्यात मासा धरून चिमट्याने तो मुळाशी पकडून सावकाश ओढावा, आणि जखम भरेपर्यंत पाणी विशेष स्वच्छ ठेवावे.

नवा मासा

इकमधून वाचलेल्या माशाला त्या रोगाची बरीच प्रतिकारशक्ती येते, पण त्याच्या कल्ल्यांत थोडे परजीवी टिकून राहू शकतात. त्यामुळे जुने मासे ठणठणीत आणि नवाच आजारी, असे घडले तरी रोग नव्यानेच आणला असेल असे नाही. क्रॉफर्ड मार्केटसारख्या गजबजलेल्या बाजारातून आणलेला मासा वाहतूक, गर्दी आणि बदललेले पाणी यांनी आधीच थकलेला असतो. त्याला किमान तीन आठवडे वेगळे ठेवावे. त्यासाठी दुसरी काचेची टाकी लागत नाही. २० लिटरचा प्लास्टिकचा टब, मुख्य टाकीत महिनाभर आधीच ठेवून मुरवलेला एक स्पंज फिल्टर आणि झाकण एवढ्यात काम होते. पिशवीतले पाणी टबात ओतू नये; पिशवी अर्धा तास तरंगत ठेवून, थोडे थोडे टबाचे पाणी तिच्यात मिसळून, मग मासा जाळीने उचलावा. ही जाळी, सायफनची नळी आणि पाणी काढायचा मग ही साधने वेगळी ठेवावीत, आणि मुख्य टाकीत कधी वापरायची वेळ आलीच तर ती धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवूनच वापरावीत, कारण हा परजीवी कोरडेपणात तग धरत नाही.